अंदाज करा, पण कशावरून ते सांगा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी आणि पंचक्रोशीतल्या समस्त थीम पार्कवेड्या मंडळींनो,

सप्रेम नमस्कार. पत्रास कारण की, गेल्या काही महिन्यांत तुमच्या अंदाजांची जात बदलत चालली आहे आणि हे कुणीतरी तोंडावर सांगायला हवं. मी उद्यमबागेत मशीन शॉपमध्ये काम करतो. ड्रॉइंग वाचायचं, मापं घ्यायची, कुठला पार्ट कशाला बसेल ते ओळखायचं, हा माझा पोटापाण्याचा धंदा. रोलर कोस्टरचं वेड मला त्या वाटेनं लागलं, तुम्हाला सिनेमाच्या वाटेनं लागलं असेल. पण वेड एकच, म्हणून हक्कानं लिहितोय.

ज्यांना हे प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एखाद्या मोठ्या पार्कात नवी राइड यायची असली, किंवा एखाद्या कथेवर बेतलेला अख्खा नवा भाग यायचा असला (ही मंडळी त्याला 'लँड' म्हणतात), की कंपनीनं तोंड उघडायच्या कितीतरी आधी चाहते ताडायला बसतात. कुठली जुनी राइड पडणार, तिच्या जागी काय येणार, रूळ कुठल्या कारखान्याचे, उघडणार कधी. आपल्याकडची पोरं यात कुणाला हार जात नाहीत. खानापूरच्या एका पोरानं ऑर्लँडो नकाशातच पाहिलंय, पण डिस्नेच्या मॅजिक किंग्डममधली नदी कुठवर होती आणि ६ जुलै २०२५ नंतर ती बुजवायला का घेतली, हे तो झोपेतून उठवलं तरी सांगेल. तिथं 'कार्स' सिनेमावर बेतलेला भाग येतोय आणि त्याच्या मागे खलनायकांचं 'व्हिलन्स लँड'. खलनायकांच्या लँडचा अंदाज चाहते कित्येक वर्षं करत होते, कंपनीनं ते ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर केलं. मला या पोरांचं मनापासून कौतुक आहे. घरचे म्हणतात, अभ्यास सोडून हे काय? अहो, हाही अभ्यासच आहे.

तक्रार आहे ती त्या चित्राबद्दल. तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय, बऱ्याच जणांनी पुढंही ढकललंय. आपला किल्ला तलाव, पलीकडे निळाशार रोलर कोस्टर, मागे किल्लेवजा प्रवेशद्वार, वर ठळक अक्षरात 'बेळगाव थीम पार्क, कन्फर्म्ड'. चित्र संगणकानं बनवलेलं आहे हे कळायला काही मोठी अक्कल लागत नाही. फलकावरची अक्षरं ना कन्नड, ना मराठी. एवढ्या लांब रुळाला खांब दोनच. आणि गाडीची चाकं? फक्त रुळाच्या वर. कोस्टरच्या प्रत्येक चाकजोडात तीन तऱ्हेची चाकं असतात: वजन पेलणारी वरची, बाजूनं धरणारी आणि रुळाच्या खालून अडकणारी. ही खालची चाकं असतात म्हणून गाडी उलटी झाली तरी सुटत नाही. चित्रातली गाडी पहिल्याच वळणावर तलावात जाईल. हे तुमच्यातल्या दहावीच्या पोरालाही ठाऊक आहे. तरीही एकानंही 'हे खोटं आहे' असं लिहिलं नाही. सगळ्यांना ते खरं असायला हवं होतं, दुसरं काय!

ताडण्याची हौस आपल्या गावाला नवी नाही. लोकमान्यांच्या प्रेरणेनं १९०५ मध्ये बेळगावात सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला, तेव्हापासून इथली माणसं ताडपत्रीआड काय चाललंय याचा वास घेत आली आहेत. गल्लीत मांडव पडला आणि चारी बाजूंनी पडदा लागला की नाक्यावर चर्चा सुरू: यंदा त्यांचा देखावा कसला? मग आत काय जातंय ते बघायचं. थर्माकोलच्या शीटा गेल्या तर मंदिर किंवा राजवाडा. पाण्याची टाकी आणि पंप गेला तर धबधबा नक्की. उद्यमबागेतनं गिअर मोटर किंवा भंगारातनं गाड्यांच्या वायपर मोटरी गेल्या, की समजायचं, यंदा हलता देखावा. वायपर मोटर कशाला? एक तर ती हळू फिरते आणि जोर असतो. शिवाय बॅटरीच्या व्होल्टेजवर चालते. तिच्या दांड्याला क्रँक लावा, क्रँकला सळई जोडा, सळईचं दुसरं टोक मूर्तीच्या मानेत. मोटर गोल फिरते, मान मागंपुढं डोलते. डिस्नेनं १९६३ मध्ये 'एन्चँटेड टिकी रूम'मध्ये बोलणारे, माना हलवणारे पक्षी बसवले, त्यांची करामत कितीतरी नाजूक. पण आत काय गेलं ते बघून बाहेर काय येणार ते ओळखायचं, ही रीत दोन्हीकडे तीच. आणि नाक्यावर एक शिस्त होती. 'कशावरून म्हणतोस?' असं कुणी विचारलं की उत्तर द्यावं लागायचं. 'मोटरी जाताना बघितल्या' म्हटलं की मान, 'असंच वाटतंय' म्हटलं की टिंगल. ती टिंगल तुमच्यात उरली नाही, ही माझी खरी तक्रार.

पार्कांच्या इतिहासातला सगळ्यात गाजलेला अंदाज घ्या. १९६४-६५ मध्ये फ्लोरिडात ऑर्लँडोजवळ कुणीतरी गुपचूप जमिनी घेत होतं. नाव कळू नये म्हणून वेगवेगळ्या नावांच्या कागदी कंपन्या उभ्या केल्या होत्या. एकूण सत्तावीस हजार एकरांच्या वर जमीन, आणि सरासरी दर एकरी दोनशे डॉलरच्याही आत, कारण दलदलीची जमीन घेणार कोण? गावात तर्कांना ऊत आला. कुणी म्हणे मोटारींचा कारखाना, कुणी म्हणे विमानांचा. ऑर्लँडो सेंटिनलच्या पत्रकार एमिली बावर ऑक्टोबर १९६५ मध्ये डिस्नेलँडच्या दहाव्या वर्षाच्या सोहळ्यासाठी कॅलिफोर्नियात गेल्या होत्या. तिथं त्यांनी वॉल्ट डिस्नेंनाच विचारलं, ती जमीन तुम्ही घेताय का? डिस्ने नाही म्हणाले. पण फ्लोरिडात कशाला जाईन हे पटवताना त्यांनी तिथल्या पाऊसपाण्याची आणि पर्यटकांची इतकी बारीक माहिती दिली, की जमिनीशी काही संबंध नसलेल्या माणसाला एवढं ठाऊक असायचं कारणच नव्हतं. बावरबाईंनी ते हेरलं. २४ ऑक्टोबरला सेंटिनलनं 'गूढ उद्योग म्हणजे डिस्नेच, असं आमचं म्हणणं' अशा अर्थाचा मथळा दिला. दुसऱ्याच दिवशी राज्याच्या गव्हर्नरांनी दुजोरा दिला. पार्क उघडलं १ ऑक्टोबर १९७१ ला.

मथळ्यातले शब्द बघा: 'असं आमचं म्हणणं'. बाईंची जवळजवळ खात्री होती, तरी मथळ्यानं ते स्वतःचं मत म्हणूनच मांडलं. आणि कशावरून, तेही वाचकाला कळेल असं लिहिलं. बातमी फुटली आणि आजूबाजूच्या जमिनीचे भाव कुठल्या कुठं गेले. डिस्नेची खरेदी तोवर उरकली होती, म्हणून कंपनीचं फारसं बिघडलं नाही. जे आधी विकून बसले त्यांनी काय म्हटलं असेल, ते आपल्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला सांगावं लागणार नाही. जमिनीकडे मी नंतर येतो.

आता कामाचं बोलू. तिकडचे जाणते चाहते काय वाचतात? फ्लोरिडात बांधकाम सुरू करण्याआधी जागेच्या मालकाला सरकारी नोंद करावी लागते आणि ती कुणालाही बघता येते. पाण्याच्या निचऱ्यासाठी जे नकाशे दाखल होतात त्यात इमारतीचा आकार दिसतो. आता तुम्ही नकाशावर खिडक्या नसलेला एक भलामोठा चौकोन पाहिला, एका बाजूला रांगेचा नागमोडी रस्ता, दुसऱ्या बाजूला वातानुकूलनाची मोठी यंत्रं, तर ती बहुतेक अंधारातली राइड. स्वच्छतागृहं केवढी आहेत ते मोजा, कंपनी किती गर्दी धरून चालली आहे ते कळेल. उंचीचा आकडाही बोलतो. अमेरिकेत २०० फुटांच्या वर बांधकाम गेलं की विमानांसाठी वर लाल दिवा लावायची वेळ येते, आणि कथेतल्या जुन्या हॉटेलावर नाहीतर हिमालयाच्या शिखरावर लाल दिवा लुकलुकला तर सगळी मजाच गेली. म्हणून फ्लोरिडातला 'टॉवर ऑफ टेरर' १९९ फूट आहे आणि 'एक्स्पेडिशन एव्हरेस्ट' त्याच्याहून जेमतेम अर्धा फूट उंच. कुठल्या कागदावर १९९ हा आकडा दिसला तर ओळखा, डिझायनरनं सजावट वाचवलीय.

रूळ ओळखणं हे तर आमच्या लाइनचं काम. स्वित्झर्लंडच्या बोलिगर अँड माबिलार्ड कंपनीच्या रुळाचा कणा चौकोनी पेटीसारखा असतो आणि त्यावर दोन गोल नळ्या. एकदा बघितला की विसरत नाही. खोपोलीच्या इमॅजिकातला नायट्रो त्यांचा, आणि वंडरलाच्या चेन्नई पार्कातला तंजोराही त्यांचाच. फरक एवढा की नायट्रोत गाडी रुळाच्या वर, पायाखाली फरशी नाही. तंजोरात गाडी रुळाखाली लटकते. कुठल्या पार्काच्या मागच्या अंगणात असे तुकडे ट्रकवरून उतरताना दिसले, तर कंपनीनं सांगायच्या आधी तुम्ही निम्मी बातमी सांगू शकता. आणि पूर्ण आराखडा हाती लागला तर ब्रेकच्या जागा मोजा. गोल फिरून येणाऱ्या कोस्टरची वाट टप्प्यांत विभागलेली असते, आणि एका टप्प्यात एका वेळी एकच गाडी जाऊ शकते, नाहीतर टक्कर व्हायची. म्हणजे सगळे टप्पे एकाच वेळी भरून चालत नाही, पुढचा एक तरी रिकामा हवा. पाच टप्पे असतील तर गाड्या जास्तीत जास्त चार. गाड्या कळल्या आणि आसनं कळली की तासाला किती माणसं बसतील ते कळतं. रांग किती लागेल ते कळतं. हे वहीत मांडून बघा हो, त्या निळ्या चित्रापेक्षा शंभरपट मजा येते.

तरीही कागद म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे. २०१८ मध्ये डिस्नेची प्रतिस्पर्धी पार्क कंपनी युनिव्हर्सलनं 'फँटॅस्टिक वर्ल्ड्स' या नावाचे ट्रेडमार्क अर्ज केले आणि चाहत्यांनी ठरवूनच टाकलं की ऑर्लँडोच्या नव्या पार्काचं नाव तेच. १ ऑगस्ट २०१९ ला घोषणा झाली 'एपिक युनिव्हर्स'ची. अर्ज खरा होता, निष्कर्ष फसला. कंपन्या नको असलेली नावंही नोंदवून ठेवतात, पेटंटंही घेऊन ठेवतात. पुढं कोविडमध्ये ते काम थांबलं, २०२१ मध्ये पुन्हा सुरू झालं, आणि २२ मे २०२५ ला पार्क उघडलं. या सगळ्या वर्षांत चाहते वरून काढलेले फोटो एकावर एक ठेवून पाया, भिंती, डोंगर उभे राहताना बघत होते. उद्घाटनाच्या दिवशी आत काय असणार हे त्यांना जवळजवळ सगळं ठाऊक होतं, तरी गर्दी करून गेलेच.

आणि कंपनीनं स्वतः सांगितलं तरी ते होतंच असं नाही. डिस्नेचं ॲनिमल किंग्डम एप्रिल १९९८ मध्ये उघडलं तेव्हा त्याच्या बोधचिन्हात एक ड्रॅगन होता, कारण पुराणकथांतल्या प्राण्यांचा एक भाग बेतात होता. तो कधी बांधलाच नाही. त्या जागेवर मे २०१७ मध्ये 'पँडोरा' आलं, 'अवतार' सिनेमातल्या निळ्या माणसांचं. २०२२ मध्ये डिस्नेनं त्याच पार्कातल्या डायनासोर भागाच्या जागी झूटोपिया आणि मोआना या सिनेमांचा विचार चाललाय म्हणून चित्रं दाखवली. पुढं ठरलं भलतंच: 'एन्कांतो' आणि इंडियाना जोन्स. डिस्नेच्याच एप्कॉट पार्कातल्या मेरी पॉपिन्सच्या राइडची तर २०१९ मध्ये रीतसर घोषणा झाली होती, २०२० नंतर ती गुंडाळली. म्हणजे 'विचार चालू आहे', 'जाहीर झालं' आणि 'खड्डा खणला' या तीन वेगवेगळ्या गोष्टी. तुम्ही तिन्हींना 'कन्फर्म्ड' म्हणता. माझ्या शॉपमध्ये कुणी कोटेशन आलेल्या कामाला 'डिस्पॅच झालं' म्हटलं, तर मालक त्याला दुसऱ्या दिवशी ठेवणार नाही.

ऑर्लँडोचं तुम्हाला एवढं ठाऊक, पण आपल्या दोन्ही बाजूंच्या पार्कांबद्दल तुम्ही काय वाचता? बेळगाव बरोबर मध्ये आहे. महामार्गानं वर गेलं की पुण्यापलीकडं खोपोली, खाली गेलं की बंगळूरच्या पलीकडं बिडदी. इमॅजिकाच्या आणि वंडरलाच्या दोन्ही कंपन्या शेअर बाजारात नोंदलेल्या आहेत. म्हणजे महत्त्वाचा निर्णय झाला की त्यांना तो एक्स्चेंजला कळवावा लागतो. नवं पार्क, जमीन, कर्ज, भागीदारी, सगळं त्यात येतं. दर तिमाहीला गुंतवणूकदारांशी बोलणं होतं, त्याचा लेखी उतारा निघतो. फ्लोरिडातल्या परवान्यांची आपल्याकडची बहीण ती हीच. आपल्या गावात घरटी एक तरी माणूस शेअरचा ॲप उघडून बसलेला असतो, पण पार्क कंपनीचं निवेदन वाचून पुढची राइड ताडणारा मी अजून पाहिलेला नाही.

वंडरलाचंच उदाहरण घ्या. कोची २००० मध्ये, बंगळूर २००५ मध्ये, हैदराबाद २०१६ मध्ये, भुवनेश्वर २०२४ मध्ये, चेन्नई डिसेंबर २०२५ मध्ये. चेन्नईला एवढा उशीर का झाला? जमीन कधीच घेऊन झाली होती. अडलं होतं तमिळनाडूच्या स्थानिक करावर. तो सुटेपर्यंत कंपनी थांबली आणि हे तिनं उघडपणे सांगितलंही होतं. ज्यानं ते वाचलं असेल त्याला दर वर्षी 'यंदा चेन्नई उघडणार' म्हणून नाचायची गरज पडली नसती. त्यानं कराच्या बातमीवर डोळा ठेवला असता. भुवनेश्वरला उलटं झालं, ओडिशा सरकारनं जमीन दीर्घ मुदतीच्या भाड्यानं दिली आणि काम पुढं सरकलं. आपल्याकडं राइड कधी येणार हे बऱ्याचदा इंजिनिअर ठरवत नाही, तो बिचारा तयारच असतो. ठरवतो कर आणि जमीन.

आणखी एक जागा. वीस हजार चौरस मीटर किंवा त्याहून जास्त बांधकाम असेल तर पर्यावरण मंजुरी लागते, आणि तिचे अर्ज केंद्राच्या 'परिवेश' पोर्टलवर दिसतात. कर्नाटकातली जमीन कुणाच्या नावावर आहे ते 'भूमी'वर उतारा काढून बघता येतं, शेतीची बिगरशेती झालीय का तेही कळतं. यातले बरेच कागद कन्नडमध्ये असतात. त्यावरून नाक मुरडणारे काही जण आहेत, मला ठाऊक आहे. सीमाभागाचा वाद त्याच्या जागी राहू द्या. तुमच्यातल्या बहुतेकांनी शाळेत कन्नड शिकलेलं आहे आणि सर्व्हे नंबर वाचण्यापुरतं तर येतंच. पुण्या-मुंबईच्या चाहत्याला जो कागद वाचायला माणूस शोधावा लागेल, तो तुम्ही चहा पिता पिता वाचू शकता. एवढी सोय हातात असून तुम्ही ते निळं चित्र पुढं ढकलत बसता, याचा मला राग येतो.

आता जमिनीचं. ते चित्र फिरलं त्या आठवड्यात माझ्या सासुरवाडीकडच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याचा फोन आला. 'जावईबापू, आमच्या शिवाराकडं पार्क येतंय म्हणं, खरं काय ओ?' कुणी सांगितलं म्हणून विचारलं, तर प्लॉटचा एजंट येऊन गेला होता. मोबाइलवर तेच चित्र दाखवून गुंठ्याला वाढीव दर सांगत होता, आणि याचा धाकटा भाऊ विसार द्यायला निघाला होता. चित्रात तलाव किल्ल्याचा, आणि प्लॉट तिथून कितीतरी कोस लांब! पण 'कन्फर्म्ड' लिहिलेलं होतं ना. मी त्याला म्हटलं, बाबा, आधी उतारा काढ, बिगरशेतीचा हुकूम दाखव म्हण, मग विसाराचं बघू. भाऊ थांबला. सगळेच थांबतील असं नाही.

हे आपल्या भागात किती नाजूक आहे ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. हलगा-मच्छे बायपासमध्ये सुपीक जमीन जाते म्हणून शेतकरी रस्त्यावर उतरले. रिंग रोडचं नाव काढलं तरी गावागावांत बैठका होतात. अशा ठिकाणी 'इथं अमुक एकर घेतलीय' असं गंमत म्हणून लिहायचं नसतं. ऑर्लँडोत तर्क करणाऱ्यांच्या मागं खरा खरेदीदार होता. इथं मागं कुणीच नसतं, पुढं मात्र एजंट उभा असतो.

तेव्हा माझं मागणं एवढंच आहे. अंदाज मांडताना तो कशावरून ते त्याच ओळीत लिहा: कागद, फोटो, कुणाचं बोलणं, की नुसती इच्छा. इच्छा लिहायलाही हरकत नाही, मीही लिहितो, फक्त तिला इच्छा म्हणा. तारीख घाला, आणि चुकला तर पुसू नका. 'फँटॅस्टिक वर्ल्ड्स' कसं फसलं ते आज समजतं, कारण त्या वेळचं लिहिलेलं जागेवर आहे. संगणकानं काढलेलं चित्र असेल तर चित्रावरच तसं लिहा, खाली नको, खालचं कुणी वाचत नाही. आणि आपल्या जिल्ह्यातलं गाव, शिवार किंवा सर्व्हे नंबर, सरकारी कागद हातात असल्याशिवाय कधीच लिहायचा नाही. या शेवटच्या बाबतीत मी कुणाचीही भीड ठेवणार नाही, मग तो मित्र असो की मित्राचा मुलगा.

नियम सांगणाऱ्यानं आधी स्वतः पाळून दाखवावेत, म्हणून माझा एक अंदाज देतो. प्रश्न तुमचाच: बेळगावला मोठं थीम पार्क येईल का?

माझ्या मते नजीकच्या काळात नाही. कशावरून? वरची वंडरलाची यादी पुन्हा बघा. कोची सोडलं तर बाकी चारही राजधानीची शहरं, आणि कोचीला केरळभरचे आणि बाहेरचे पर्यटक आहेत. असल्या पार्काला पन्नास एकर आणि त्याहून जास्त जमीन लागते, शेकडो कोटी लागतात, आणि ते भागवायला आठवड्यातल्या मधल्या वारीही गर्दी लागते. २०११ च्या जनगणनेत बेळगाव शहर पाच लाखांच्याही आत होतं. जिल्हा पावणेअठ्ठेचाळीस लाखांचा, पण तो अथणीपासून खानापूरपर्यंत पसरलेला. शाळांच्या सहली धरा, गोव्याला जाणारे धरा, कोल्हापूर आणि हुबळी-धारवाड धरा, तरी बुधवारी दुपारी नायट्रोसारखा कोस्टर भरून चालवण्याइतकी माणसं मला दिसत नाहीत. पाऊस आडवा येतो असं काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. खोपोलीला काय पाऊस कमी पडतो?

येईल ते आधी वॉटर पार्क, आणि महामार्गालगत. कारण खर्च कमी, जमीन कमी, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीवर निम्मं वर्ष भागतं. हा अंदाज आहे. कागद माझ्याकडं एकही नाही, यादी आणि हिशेब एवढाच आधार. वंदे भारत पुण्याहून हुबळीला जाताना बेळगाववरून जाते, आणि ऑगस्ट २०२५ पासून बेळगाव-बंगळूर वंदे भारतही सुरू झाली. त्यामुळं कंपन्यांना आपल्याला इथं येऊन गाठण्यापेक्षा आपण तिकडं जाणं जास्त सोयीचं वाटत असणार. ही मात्र निव्वळ माझी शंका.

कुणाला खोडून काढायचं असेल तर या. कंपनीचं निवेदन, मंजुरीचा अर्ज, उतारा, काहीतरी हातात घेऊन या. रविवारी मी घरीच असतो, चहा आमच्याकडून. खानापूरच्या त्या पोराला म्हणावं, नदीचा नकाशा घेऊन ये, ब्रेकचे टप्पे कसे मोजायचे ते बसून बघू.

आपलाच,
उद्यमबागेतला एक पार्कवेडा